मागे घेऊन दहा ब्रेक

ओढून आणणाऱ्या ट्रकने दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वेळी गाडी फाटकातून आत घेतली. साडेअठरा फूट लांबीची जुनी अमेरिकन गाडी त्या गॅरेजात घ्यायची म्हणजे जिन्यातून कपाट वर चढवण्यासारखंच काम. गॅरेजातले सगळे तिला आगबोट म्हणत, आणि ती सत्तावीस वर्षं इथे फिरकलेली नसली तरी ते नाव टिकून होतं. ब्रेकमास्तरांच्या हातातला चहा निवून गेला. त्यांचं लक्ष पुढच्या ग्रिलवरून मागच्या पंखांपर्यंत आणि पंखांवरून परत ग्रिलपर्यंत फिरत राहिलं.

"बाबा, तोंड मिटा," लेक म्हणाली.

मास्तरांनी तोंड मिटलं, पण पाय काही एका जागी ठरेनात. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण असं काम आलं की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. गाडीचे मालक वकीलसाहेब. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता. ब्रेक पूर्ण नवे करा, पुढे डिस्क बसवा, खर्चाचं बोलू नका, गाडी पोचली की दहा दिवसांनी मी स्वतः चालवत घरी नेणार. मास्तरांनी त्याच संध्याकाळी सामान मागवलं होतं, आणि खोकी आल्यावर तीनदा उघडून तीनदा बंद केली होती.

"जुन्या लोकांनी काय केलं होतं बघ," ते बॉनेट उघडून लेकीला सांगू लागले. तिला हे सगळं पाठ होतं. "दोन टनांचं धूड आणि थांबवायला चार डबे. ड्रम तापले की ब्रेक मऊ. आणि सगळं ऑइल एकाच सिलिंडरमधून. एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. आता आपण दोन घरांचा मास्टर सिलिंडर बसवू. पुढची वेगळी, मागची वेगळी. एक गेलं तरी दुसरं उरतं. वर बूस्टर. मग बोटाने दाबलं तरी ही जागच्या जागी उभी राहील."

"आणि मागे?"

"मागे ड्रमच," मास्तर म्हणाले. "मागचे मी उघडतो. तू पुढचं घे."

मागचे ड्रम दुसऱ्या कोणाला उघडू द्यायचे नव्हते, त्याला कारण होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी या गाडीचे मागचे ब्रेक मास्तरांनीच केले होते. त्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशी वकीलसाहेब सकाळी घराच्या उतारावरून गाडी मागे घेत होते. त्यांची बायको नेहमीप्रमाणे मागे उभी राहून सांगत होती. गाडी थांबली ती फाटकाच्या खांबावर, आणि ती बाई मध्ये होती. माझा पाय घसरला, असं वकीलसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं. पोलिसांनाही तेच. गाडी शेडमध्ये गेली आणि शेडला कुलूप लागलं. मास्तर अंत्ययात्रेला गेले होते, पण त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. आपलं काम बरोबर होतं की नाही हे त्यांना आजवर कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायचा मार्ग त्या शेडमध्ये बंद होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली.

पहिल्याच दुपारी मूठ उघडली. डावा ड्रम हातोड्याचे चार ठोके खाऊन निघाला. आत ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या शूंच्या खाली बोटाएवढा स्क्रू असतो, त्याला दातेरी चाक. गाडी मागे घेताना ब्रेक मारला की ते चाक एक दाता फिरतं आणि झिजलेले शू ड्रमच्या जवळ सरकतात. गाडी आपलं आपण नीट करून घेते. फक्त एक पथ्य पाळायचं. डाव्या चाकाचा स्क्रू वेगळा, उजव्याचा वेगळा, दोन्हींचे आटे उलट. अदलाबदल झाली तर प्रत्येक ब्रेकला शू जवळ यायच्या ऐवजी दूर जातात.

मास्तरांनी चिंधीने स्क्रूचं डोकं पुसलं. त्यावर उजव्या बाजूची खूण होती. उजवीकडचा उघडला, तिथे डाव्याची.

म्हणजे तो बिचारा माणूस रोज सकाळी उतारावर गाडी मागे घेत होता, फाटकाशी ब्रेक मारत होता, आणि रोज एकेक दात्याने आपला ब्रेक आपल्याच पायाने सैल करत होता. मास्तरांनी दोन्ही स्क्रू चिंधीत गुंडाळून खिशात टाकले.

स्टिअरिंगला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकत होती. या गॅरेजची जुनी पद्धत. काम झालं की मीटरचा आकडा आणि चाचणी लिहून चिठ्ठी स्टिअरिंगला बांधायची. शाई फिकी झाली होती पण अक्षर मास्तरांचं होतं. मीटर ४८१२६. मागे घेऊन दहा ब्रेक: केले.

केले नव्हते. मास्तरांना काम शिकवणाऱ्या थोरल्या उस्तादांचा नियम होता, मागचे ब्रेक उघडले की अंगणात गाडी दहा वेळा मागे घ्यायची आणि दहा वेळा ब्रेक मारायचा. मारले असते तर पायडल दर वेळी खाली जातंय हे तिसऱ्याच वेळी पायाला कळलं असतं. पण त्या दुपारी दवाखान्यातून निरोप आला होता, मुलगी झाली, या. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. दोन्ही स्क्रू एकाच मुठीत घेऊन हाताला येईल तो बसवला, चिठ्ठीवर 'केले' लिहिलं आणि तसेच काळ्या हातांनी पळाले. समोरच्या भिंतीवर उस्तादांनी 'अति घाई संकटात नेई' रंगवून घेतलं होतं. ते आजही होतं. त्याच भिंतीला टेकून त्या दिवशी जन्मलेली लेक आता डिस्क पकडणारा नवा कॅलिपर उलटसुलट करून पाहत होती.

तिची एक सवय होती. गाडी आली की रोज सकाळी ती मीटरचा आकडा कार्डावर टिपायची. दुसऱ्या सकाळी ती कार्ड घेऊन आली.

"काल तुम्ही गाडी हलवलीत का?"

"ढकलली पण नाही. का?"

"काल ४८५३६ होता. आज ४८४९५."

मास्तर हसले. चष्मा बदल म्हणाले. लेकीने त्यांना नेऊन दाखवलं. जुन्या गाड्यांचं मीटर गाडी मागे गेली की मागे फिरतं, यात नवल नाही. पण ही एकेचाळीस मैल मागे गेली होती, कुलूपबंद गॅरेजात, टायरखालच्या ऑइलच्या डागावरून तसूभरही न हलता.

"दातेरी चक्रं झिजली असतील," लेक म्हणाली. "सुटली असतील जागेवरून."

तिसऱ्या दिवशी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली होती, चारही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. आकडा ४८४५४. लेकीने गिअरबॉक्सखाली शिरून मीटर फिरवणारी केबल सोडवली आणि गुंडाळून बाकावर ठेवली. चौथ्या दिवशी ४८४१३.

"एकेचाळीसच कसे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, चीड होती. गणित चुकलं की तिला अशीच चीड यायची.

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. रोज एकेचाळीस. याच चालीने अकराव्या दिवशी, म्हणजे वकीलसाहेब येणार त्या सकाळी, मीटर बरोबर ४८१२६वर येत होतं. चिठ्ठीवरच्या आकड्यावर. त्यांनी 'केले' लिहिलं त्या दुपारवर.

आता खरं तर माणसाने गॅरेजला कुलूप लावून घरी जावं. मास्तरांना मात्र भलताच हुरूप चढला. त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला आणि तो वेडेपणाचा आहे हे कळूनही तो बाहेर जाईना. गाडी त्या दुपारकडे परत चालली होती. तिथे पोचेल तेव्हा ब्रेक चोख असले, दहा ब्रेक खरोखर मारले, तर? तर पुढचे एकेचाळीस दिवस वेगळे गेले असते. फाटकाच्या खांबाशी कोणी मेलं नसतं. आणि वकीलसाहेबांना काही सांगावंही लागलं नसतं. हे शेवटचं त्यांनी मनातल्या मनातही हळूच म्हटलं.

मग काय विचारता! इतकं झपाटून काम त्यांनी ऐन तिशीतही केलं नव्हतं. जेवणाचा डबा एका हातात, पाना दुसऱ्या हातात. जुने पाइप मोडीत काढले आणि नवे पाइप वाकवून, तोंडं फुलवून, एकेक जोड दिव्याखाली तपासून बसवले. पुढे डिस्क चढल्या, कॅलिपर चढले, बूस्टर बसला. मास्तर शीळ घालत होते. मागचे स्क्रू नवे घेतले, आणि डावा-उजवा तीनदा लेकीकडून वाचून घेतला.

"बाबा, मला पहिलीत घातल्यासारखं काय वाचायला लावताय?"

"वाच. डावा कुठला?"

"हा."

"परत वाच."

सहाव्या दिवशी भर दुपारी लेक वॉशर आणायला गेली होती. मास्तर गाडीत डावीकडे, स्टिअरिंगमागे बसून डबा खात होते. पाइपांत अजून ऑइल भरलं नव्हतं, त्यामुळे पायाखालचं पायडल निर्जीव, नुसतं लोंबतं. बाहेर ऊन होतं, कुठेतरी कोणी पत्रा ठोकत होतं. समोर मीटरचं शेवटचं पांढरं चाक थरथरलं आणि उलटं फिरू लागलं. नऊ, आठ, सात. घड्याळासारखा बारीक आवाज. त्याची केबल समोरच्या बाकावर गुंडाळून पडली होती. तीही दिसत होती.

मग मागे डिकीवर हाताची थाप पडली. आणि लगेच दुसरी.

मास्तरांना ती थाप माहीत होती. बाई गॅरेजात यायच्या तेव्हाही गाडी मागे घेताना उतरून मागे उभ्या राहायच्या. येऊ द्या, येऊ द्या, आणि थांबायचं झालं की तळहाताने डिकीवर दोन थापा. मास्तरांचा पाय आपोआप पायडलवर गेला. ऑइलचा थेंब नसलेलं ते पायडल दगडासारखं कडक लागलं. एक श्वास आत घेऊन सोडेपर्यंत ते तसं राहिलं, मग पुन्हा लोंबलं.

ते उतरून मागे गेले. मागे कोणी नव्हतं. डिकीवर सहा दिवसांची धूळ होती आणि ती कुठेही पुसलेली नव्हती.

"चेहरा असा काय झालाय?" लेकीने आल्यावर विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तीही गाडीच्या मागून जायची टाळू लागली, हे मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

आठव्या दिवशी ब्रेकची हवा काढली. लेक पायडलवर, मास्तर चाकाशी. "दाब. धर. सोड." आधी फेस आला, मग बुडबुडे, मग मधासारखी अखंड धार. चारही चाकं झाल्यावर मास्तरांनी स्वतः पायडल दाबून पाहिलं. दोन बोटं खाली, आणि तिथे घट्ट. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीच्या डोक्यावर टपली मारली आणि तिच्या केसांना ब्रेक ऑइल लागलं. मीटर ४८२४९.

दहाव्या दिवशी चाकं चढवली, केबल जोडली, गाडी जमिनीवर उतरवली.

अकराव्या सकाळी ४८१२६. चहा झाला, बाक झाडला, तरी ४८१२६. आकडा थांबला होता.

लेकीने नियमाप्रमाणे गाडीची मागची उंची मोजली. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. "डावी सव्वाबारा इंच. उजवी सव्वाबारा. स्प्रिंगचे पाटे छान बसलेत."

"आता तू दारात उभी राहा," मास्तर म्हणाले. "गाडीच्या पुढे. मला दिसेल अशी. मागे अजिबात जायचं नाही."

"मग सांगणार कोण?"

मास्तरांनी चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. त्यांनी गाडी मागे सोडली. काचेतून समोर लेक लहान होत गेली. परीक्षेचा पेपर हातात पडावा आणि सगळं येत असावं, तसं वाटत होतं.

दोन थापा पडल्या. मास्तरांनी ब्रेक मारला आणि दोन टनांची आगबोट जागेवर उभी राहिली.

पुढे. परत मागे. दोन थापा. ब्रेक.

तिसऱ्या वेळी मास्तर मोठ्याने मोजू लागले. चार. पाच. पायडल प्रत्येक वेळी केसभर वर येत होतं. मागे स्क्रू योग्य दिशेने फिरत होते. सहा. सात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. आठ. नऊ.

दहा.

"डिकीत काही सुटं राहिलंय का?" लेक पुढे येत म्हणाली. "दर वेळी दोनदा वाजत होतं." मग तिने जमिनीकडे पाहिलं. मातीत मागच्या टायरचे ठसे दहाही वेळा एकाच रेघेवर थांबले होते.

मास्तरांनी नवी चिठ्ठी लिहिली. मीटर ४८१२६. मागे घेऊन दहा ब्रेक: केले. ती स्टिअरिंगला बांधेपर्यंत फाटकाशी टॅक्सी थांबली.

वकीलसाहेब उतरले. पंचाहत्तरीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. मास्तरांनी टॅक्सीच्या दुसऱ्या दाराकडे पाहिलं. पाहतच राहिले. टॅक्सी वळून निघून गेली. दुसरं कोणी उतरलं नाही.

दहा दिवसांचा हुरूप पायांतून खाली गळून गेला. काही बदललं नव्हतं. जे बोलायचं राहिलं होतं ते राहिलेलंच होतं.

वकीलसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचं उजवं दार उघडलं, आणि ते उघडंच ठेवून मास्तरांसमोर येऊन उभे राहिले.

"झाली?"

मास्तरांनी खिशातून चिंधी काढली आणि उलगडली. "साहेब, त्या सकाळी तुमचा पाय घसरला नव्हता. ब्रेक नव्हतेच. हे स्क्रू मी उलटे बसवले होते. आणि चाचणी केल्याचं खोटं लिहिलं होतं."

लेक दारात थबकली. वकीलसाहेबांनी स्क्रू हातात घेतले नाहीत.

"मी तुम्हाला दोनदा फोन केला होता," ते म्हणाले. "पायडल खाली जातंय म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, शूंचे लायनर नवे आहेत, घासून बसतील."

"हो साहेब."

"मला माहीत होतं, मास्तर. पहिल्यापासून." त्यांचा आवाज शांत होता. "मला काही ऐकायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं."

ते उघड्या दाराकडे गेले. थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग वाकून, दारात काही अडकत नाही ना हे खाली पाहून घेतलं, आणि दार हलक्या हाताने लावलं.

वळसा घालून ते डावीकडे आले, स्टिअरिंगमागे बसले. गाडी सावकाश मागे गेली आणि फाटकाबाहेर जाऊन अलगद थांबली. या वेळी डिकीवर थाप पडली नाही. मग ती वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याला लागली. मागच्या काचेतून डावीकडे एकच डोकं दिसत होतं.

मास्तरांची नजर सवयीने पाट्यांवर गेली. गाडी उजवीकडे, रिकाम्या सीटच्या बाजूला कलली होती. दोन बोटं.

लेकीनेही ते पाहिलं होतं. टेप अजून तिच्या हातात होता.

"सकाळी दोन्ही बाजू सारख्या होत्या, बाबा," ती म्हणाली. "मी मोजल्या होत्या."